तुम्ही विचारलंत म्हणून: गव्याला खनिज मिश्रण कोण घालते?

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाच्या बाजूला पशुवैद्यक म्हणून काम करताना एक प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की तो आता पाठ झाला आहे. ‘डॉक्टर, गाईला खनिज मिश्रण घातलं नाही तर ती वेळेवर माजावर येत नाही म्हणता, मग दाजीपूरच्या गव्याला कोण पिशवी फोडून घालतंय?’ विचारणाऱ्याला बहुधा कॅल्शियम, स्फुरद (फॉस्फरस) वगैरेंच्या या भुकटीच्या पिशवीचा खर्च वाचवायचा असतो. पण प्रश्न खरा आहे आणि त्याला गोठ्यात उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

गाय दाव्याला बांधलेली असते आणि आपण घालू तेवढेच खाते. वैरणीत स्फुरद कमी पडले, की ती हाडे, चिंध्या, मिळेल ते चघळू लागते. जुन्या चपलेचा तळ तासभर गालात घोळवणारी गाय मी पाहिली आहे. दक्षिण आफ्रिकेत सर आर्नल्ड थायलर यांनी शंभर वर्षांपूर्वी हाच धागा धरून एका जीवघेण्या रोगाचा उलगडा केला. स्फुरदाला भुकेलेली गुरे माळावरची कुजकी हाडे चघळत आणि त्यांतल्या जंतूंच्या विषाने लुळी पडून मरत; हाडांचा भुगा खाऊ घातल्यावर हाडे चघळणे थांबले आणि रोगही हटला. गव्याला दावे नसते. एका उतारावरच्या गवतात जे नाही ते तो दुसऱ्या उतारावर, ओढ्याकाठी किंवा खारट मातीच्या चाटणावर जाऊन मिळवतो. म्हणजे त्याचे खनिज मिश्रण त्याच्या पायांत असते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला टांझानियातील सेरेंगेटीचा आहे. तिथले सुमारे 13 लाख विल्डेबीस्ट (बैलासारखे दिसणारे मोठे कुरंग) दरवर्षी उत्तर-दक्षिण फेरी करतात. उत्तरेला पाऊस जास्त आणि गवत भरपूर, तरीही पावसाळा लागला की कळप दक्षिणेच्या आखूड गवताच्या माळावर उतरतात आणि माद्यांची वीणही तिथेच होते. हा माळ ज्वालामुखीच्या राखेवर वाढलेला आहे. सॅम्युएल मॅकनॉटन यांनी 1990 मध्ये दाखवून दिले, की दुभत्या मादीला लागणारी खनिजे या आखूड गवतात उत्तरेच्या उंच गवतापेक्षा चांगल्या प्रमाणात असतात. पोट भरण्यासाठी उत्तर आणि वासरू पाजण्यासाठी दक्षिण, अशी ती विभागणी आहे. मध्ये कुंपण पडले, तर गवत असूनही कळप खंगतील.

पण नुसती वाट मोकळी असून भागत नाही. कधी कधी खनिज तोंडापर्यंत पोहोचवणारा कोणी मध्यस्थ असतो आणि तो गेला की सगळे बिनसते. नेदरलँड्समध्ये ग्रेट टिट नावाचा, आपल्या राखी वल्गुलीच्या भाऊबंदांपैकी एक चिमुकला पक्षी आहे. मादी रोज एक याप्रमाणे आठ-नऊ अंडी घालते आणि त्यांच्या कवचाला लागणारे कॅल्शियम तिच्या साऱ्या सांगाड्यातही नसते, त्यामुळे ते तिला त्या त्या दिवशी शोधावे लागते. ते मिळते गोगलगायींच्या शंखांतून. 1980 च्या दशकात तिथल्या नापीक मातीच्या जंगलांत पातळ, सच्छिद्र कवचाची अंडी दिसू लागली, काही माद्या तर रिकाम्या घरट्यावर बसून राहू लागल्या. याप ग्राव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये कारण मांडले: आम्लवर्षावाने मातीतले कॅल्शियम धुऊन गेले, त्यामुळे गोगलगायी घटल्या आणि म्हणून अंडी बिघडली. शंखांचे आणि कोंबडीच्या अंड्याच्या टरफलांचे तुकडे ठेवल्यावर माद्या पुन्हा नीट अंडी घालू लागल्या.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप गिधाडांचे असेच झाले. गिधाड मऊ मांस खाते, आणि मांसात कॅल्शियम नगण्य असते. पिलाची हाडे घट्ट व्हायची, तर आईबापांनी हाडांचे बारीक तुकडे आणून भरवावे लागतात. हाड फोडणे गिधाडाच्या चोचीचे काम नव्हे, ते तरसाच्या जबड्याचे. गुरांच्या कुरणांतून तरस मारून संपवले गेले आणि पिलांचे पंख वाकडे होऊ लागले, मोडू लागले. घरट्यांत हाडांऐवजी काचेचे, चिनी मातीचे तुकडे सापडू लागले. पीटर मंडी आणि जॉन लेजर यांनी 1976 मध्ये हा संबंध उलगडला, आणि त्यानंतर गिधाडांसाठी टाकलेल्या मढ्यांची हाडे माणसे हातोड्याने फोडू लागली. (आपल्याकडच्या गिधाडांचा घात गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने केला, ते प्रकरण वेगळे आणि आम्हा पशुवैद्यकांना जास्त लागणारे.)

आता पुढचा प्रश्न, जो मला हल्ली पुण्या-मुंबईची मंडळी विचारतात: जंगलात जाताना आम्ही मिठाच्या विटा नेऊन ठेवल्या तर? कृपा करून नेऊ नका. वनस्पतींत सोडियम फार थोडे असते, म्हणून तृणभक्षी प्राण्यांना मिठाची उपजत ओढ असते आणि ते विटेवर तुटून पडतात; पण त्यांनी वीट चाटली यावरून त्यांना आणखी कशाची उणीव आहे हे कळत नाही आणि स्फुरदाची असल्यास ती मिठाने भरून निघत नाही. शिवाय रोज त्याच जागी सगळ्यांची लाळ आणि लेंड्या एकत्र येतात, म्हणजे एकाचे जंत दुसऱ्याला. शिकाऱ्यालाही कुठे दबा धरून बसावे हे आयते समजते. खनिज मिश्रण तर मुळीच नको. त्यातले गाईला सोसणारे तांबे मेंढीला विषासारखे बाधू शकते, मग कोणत्या रानजनावराला किती सोसेल, हे कोण मोजणार?

एका उन्हाळ्यात दाजीपूरच्या वाटेवर मला सांबराचे गळून पडलेले शिंग दिसले. त्याच्या एका फाट्यावर लहान पटाशीने ओढाव्यात तशा, जोडीजोडीने शेजारी पडलेल्या खाचा होत्या. साळिंदराचे दात. शिंग म्हणजे हाडच, कॅल्शियम आणि स्फुरदाचा साठा. मी ते उचलून पाहत असताना बरोबरचा वनमजूर म्हणाला, ‘ठेवा सायेब जागच्या जागी, घरी नेलं तर गुन्हा हाय, आणि त्याचं खाणं हाय ते.’ पावसाळ्यानंतर पुन्हा त्या वाटेने गेलो, तेव्हा शिंगाची टोके गेली होती आणि बुंध्यावर नव्या, पांढऱ्याशुभ्र खाचा पडल्या होत्या.