तुमच्यात पण फराळ असतो?

डिसेंबरच्या शेवटी स्टाफरूममध्ये माझा डबा उघडला की हा प्रश्न येतोच. नव्या बाई आश्चर्यानं विचारतात, जुन्या बाई दरवर्षी नव्यानं विचारतात. "अगंबाई, तुमच्यात पण करंज्या? मला वाटलं केक." पाठोपाठ, "म्हणजे दिवाळी पण करता का?" आणि ओळख जरा मुरली की आवाज खाली आणून, "मूळचे कोण मग तुम्ही?" आजवर मी "हो, असतो ना, घ्या की" एवढ्यावर भागवलं. चकली तोंडात असताना माणूस पुढचं विचारत नाही, हा त्यातला फायदा. यंदा मात्र सगळंच सांगून टाकते.

आम्ही नगरचे. कागदोपत्री आता अहिल्यानगर. तिथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. आईकडची माणसं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८७६ ते ७८च्या मोठ्या दुष्काळानंतर, नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात ख्रिस्ती झाली. रविवारी उपासनेला जायला लागली, पोरं मिशनच्या शाळेत बसली. घरातली कढई होती तीच राहिली. मडमेच्या बंगल्यात केक भाजला जात असेल, पण गावात भट्टी कुणाकडे होती? सणाला गोडधोड म्हणजे तळायचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि आम्ही त्याच गावचे. माझ्या लहानपणीसुद्धा केक व्हायचा तो शेगडीवर, पातेल्यात वाळू घालून आणि वरच्या झाकणावर निखारे ठेवून. तो एका बाजूनं करपायचाच. करंजी कधी करपली नाही.

आमची गाणीही तशीच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं आम्ही अजून गातो, त्यांत अभंग आहेत, ओव्या आहेत. पेटी, ढोलकी, टाळ सगळं असतं. ख्रिस्ती कीर्तन तर टिळकांच्याही आधीपासून चालू आहे. त्याबद्दल मात्र मला कुणी काही विचारत नाही, कारण ते ऐकायला कुणी येत नाही. करंजी तेवढी डब्यातून बाहेर पडते.

"मग दिवाळीच्या सुट्टीतच करून का नाही ठेवत? किती धावपळ करतेस!" हाही एक प्रश्न. मराठी शाळेत नाताळची सुट्टी एक दिवस. पंचवीसला घरी, सव्वीसला सकाळी सातला हजेरीपटावर सही. डिसेंबरात स्नेहसंमेलन, म्हणजे पाचवीच्या चाळीस पोरांना एका तालावर उजवा पाय उचलायला लावायचं. नवरा भोसरीला कारखान्यात, आणि पंचवीसला त्याची दुसरी पाळी यायची हे ठरलेलंच. मुलगी शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेच्या, नाटकात, कधी देवदूत, कधी मेंढपाळ, एका वर्षी नुसतीच मेंढी. तिचे पंख रात्री अकराला चिकटवायचे. त्यात तरुण संघाची कॅरोलची पोरं रात्री कधी साडेबाराला दार वाजवतील, कधी दोनला. ती दहा-पंधराजणं असतात आणि सगळ्यांना चहा लागतो. यातून फराळाला जो वेळ उरतो तो रात्री दहानंतरचा. आई नगरहून एसटीनं येते, येताना भाजणी दळून आणते, आणि स्वयंपाकघराचा ताबा घेते. आईच्या करंजीला कातण लागत नाही, ती कडेला हातानं मुरड घालते. बारीक, दोरीसारखी. आमच्या इमारतीत तशी मुरड दुसऱ्या कुणाला येत नाही, हे मी अभिमानानं सांगते.

कॉलेजात असताना मी याच फराळावरून आईशी भांडले होते. आपण ख्रिस्ती आहोत तर दिवाळीची नक्कल कशाला, असं माझं म्हणणं. तेव्हा मी मुंबईच्या एका मैत्रिणीकडे नाताळ पाहून आले होते. त्यांच्याकडे फळं महिनाभर रममध्ये भिजत घातलेली, झाडाला चांदीचे गोळे. मला ते खरं वाटलं आणि आमचं उसनं. आई शंकरपाळे कापता कापता म्हणाली, "मग काय सणाला उपाशी बसायचं?" मला हे उत्तर वाटलंच नाही. आज कॉलेजातल्या त्या मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, वाद घालायला बसले तरी ती पूर्ण हरत नाही. ती विचारते, "बरं, नक्कल नाही, पण मग करंजी केल्यावर सगळ्या मजल्यावर ताटं का पाठवतेस? कुणाला काय पटवून द्यायचंय?" इथे मी अडकते.

ताटांचा हिशोब साधा आहे. दिवाळीत आपल्याकडे ताटं येतात, ती आपण कधीतरी परत करायची, आम्ही नाताळला करतो. आईचा मात्र त्यात आणखी एक हिशोब आहे. तिची आजी दिवाळीत वरच्या आळीत फराळ मागायला जायची. अंगणाबाहेर उभं राहून पदर पसरायचा आणि घरधनीण हात उंच धरून वरून टाकायची, शिवाशिव होऊ नये म्हणून. लाडू पदरात फुटायचा. म्हणून स्टीलचं ताट, वर विणलेला रुमाल, पुढच्या दारानं जाणं आणि पुढच्या दारानं येणं, याचं आईला जे आहे ते मला नवऱ्यालाही नीट सांगता येत नाही. "मूळचे कोण" याचं उत्तरही यातच आलं, आता पुन्हा विचारू नका.

मुलगी तिसरीत होती त्या वर्षी आम्ही या इमारतीत नवीन होतो. आमच्या मजल्यावरच्या एका बाईंचं ताट दिवाळीत आलं होतं, सुरेख, पाच पदार्थांचं. नाताळला आम्ही त्यांना पाठवलं. मुलगी पंख लावूनच घेऊन गेली. परत येऊन म्हणाली, "काकू म्हणाल्या, अंडं नाही ना गं कशात?" मी म्हटलं, विचारणारच, शाकाहारी आहेत. मुलीनं "नाही" म्हणून सांगितलं होतं. संध्याकाळी ताट परत आलं, घासून, वर साखर घातलेलं. रिकामं ताट परत करायचं नसतं, ते त्यांनी पाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला मी शाळेतून आले. पार्किंगमध्ये मीटरच्या खोलीपाशी सफाईच्या मावशी दोघीतिघी जेवायला बसल्या होत्या. मधे प्लास्टिकची पिशवी उघडलेली. "या मॅडम, घ्या ना," म्हणत एकीनं करंजी पुढे केली. मी हात पुढे केला आणि मुरड दिसली. पिशवीत सगळं होतं, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, एकही नग कमी झालेला वाटत नव्हता. "वरच्या मॅडमनी सकाळी दिलं. कुणी केल्यात काय माहीत, पण फार हलक्या झाल्यात." मी तिथेच उभ्यानं ती करंजी खाल्ली. हलकी झाली होती खरंच. "हो, छान आहे," म्हणाले आणि जिना चढून वर आले. आमच्याकडे लिफ्ट आहे. का चढले ते विचारू नका.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो समजूतदार माणूस. म्हणाला, "मधुमेह असेल त्यांना." मी म्हटलं, "चकलीलाही मधुमेह?" तो म्हणाला, "तेलकट चालत नसेल." असेलही. त्यांच्याकडे येणारा सगळाच फराळ त्या वाटून टाकत असतील, हेही शक्य आहे. मी कधी विचारलं नाही. लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा त्या आपण होऊन म्हणाल्या, "करंज्या मस्त झाल्या होत्या हं!" मी "थँक्यू" म्हणाले. आणखी काय म्हणणार, चौथा मजला आला होता.

पण मला खरी टोचणी वेगळीच आहे, आणि ती त्या बाईंची नाही. माझ्या करंज्या मावशींनी खाल्ल्या, आवडीनं खाल्ल्या, मग मला वाईट कशाचं वाटलं? त्यांनी खाल्ल्या याचं? आईची आजी आज असती तर मीटरच्या खोलीपाशीच बसली असती आणि मला "या मॅडम" म्हणाली असती. हा विचार मी अनेकदा करून पाहिला आहे. तो दरवेळी बरोबर निघतो आणि अपमान तरी कमी होत नाही. आईनं विचारलं, "आवडलं का सगळ्यांना?" मी म्हटलं, "हो, फार हलक्या झाल्यात म्हणाले." यात खोटं काही नव्हतं.

पुढच्या दिवाळीत त्यांचं ताट आलं. आम्ही सगळं खाल्लं. चकली आमच्यापेक्षा खुसखुशीत होती, याचा मला अजून राग आहे.

नवरा म्हणतो त्यांचं ताट बंद कर. त्या वर्षापासून मावशींचं ताट मी आधी काढते, पिशवीत न घालता, रुमालासकट. त्या घरी नेतात आणि दोन दिवसांनी परत देतात, तळाशी मूठभर तांदूळ घालून. त्या बाईंचंही ताट जातंच. का, ते सांगता येत नाही. आईसाठी म्हणावं, तर आईला यातलं काही माहीतच नाही. चांगुलपणा म्हणावा, तर ताट देताना माझ्या मनात जे येतं ते चांगलं नसतं. कॉलेजातली ती मुलगी म्हणते, अजून पदरच पसरतेयस, फक्त उलट्या बाजूनं. मी म्हणते, गप्प बस, तेल तापलंय.

आता मुलगी स्वतः कॉलेजात आहे. तिनं जाहीर केलंय की यंदा त्या एका दाराला ती जाणार नाही, आणि "अंडं नाही" असं तर कुणालाच सांगणार नाही. वर तिला यंदा करंजीच्या सारणात चॉकलेट घालायचंय. आई ऐकून घेते आणि खोबरं किसत राहते. नाताळाआधी हे मिटेल असं वाटत नाही.

तर हो, आमच्यात पण फराळ असतो. आणखी काही विचारायचं असेल तर वीस तारखेनंतर रात्री दहाला घरी या. शंकरपाळे कापायला माणूस कमीच पडतं.