गळा माझा, चेहरा कुणाचा?

मॉडेलिंगसाठी काढलेल्या फोटोंचा पोर्टफोलिओ हातात आला तेव्हा आई फोटो बघून म्हणाली, "छान आलाय गं, पण ही कोण?" फोटोग्राफरने मला न विचारता चेहरा उजळ केला होता. गळा आणि हात तेवढे माझे राहिले होते. आठ महिन्यांची बचत त्यात गेली होती.

मी सोलापूरची. उंची पाच फूट नऊ इंच, रंग काळा. सावळा म्हटलं की लोकांना बरं वाटतं, पण मी काळीच आहे. उज्ज्वला राऊत ही आपली मराठी मुलगी व्हिक्टोरियाज सिक्रेट या अमेरिकन ब्रँडच्या रॅम्पवर चालली, तेवढ्या आधारावर मी मुंबईला आले.

वर्सोव्याच्या आराम नगरात ऑडिशनला दोन-दोन तास उभं राहायचं. मग कॅमेऱ्यासमोर नाव, उंची, डावी बाजू, उजवी बाजू, हात. पाच मिनिटांत संपतं. पण माझं काम बहुतेक वेळा रांगेआधीच संपायचं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजमध्येच 'फेअर टू व्हीटिश', म्हणजे गोरी ते गव्हाळ, असं लिहिलेलं असे. कामं मिळवून देणारे कोऑर्डिनेटर म्हणायचे, "तुला डस्कीमध्ये टाकतो." डस्की म्हणजे हातमागाच्या साड्या, ऑक्सिडाइज्ड दागिने, नाहीतर पाण्याच्या योजनेच्या जाहिरातीतली हंडा घेतलेली बाई. नवरीचे लेहेंगे आणि सोनं उजळ मुलींना, कित्येकदा रशिया-युक्रेनहून आलेल्या मुलींना. त्यांच्यावर माझा राग नाही. घरापासून इतक्या लांब त्याही पोटासाठीच आल्या होत्या. पण भारतीय नवरी म्हणून परदेशी मुलगी चालते आणि सोलापूरची चालत नाही, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

2020 मध्ये फेअर अँड लव्हलीने 45 वर्षांनी नावातलं 'फेअर' काढलं. मला येणाऱ्या मेसेजमधूनही तो शब्द गेला, त्याच्या जागी 'ग्लोइंग स्किन' आलं. निवड तीच राहिली.

मग मी माझ्या बाजूने जे करता येईल ते केलं. खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय, पांढऱ्या टी-शर्टवर साधे फोटो काढले आणि पोर्टफोलिओऐवजी तेच पाठवायला लागले. सेटवर मेकअपच्या पेटीतली सगळ्यात गडद छटासुद्धा माझ्यावर राखेसारखी दिसायची. रिहानाच्या फेंटी ब्यूटीने 2017 मध्ये फाउंडेशनच्या एकदम 40 छटा आणल्या होत्या, त्यातली माझी मावसबहिणीने दुबईहून आणून दिली. ती बाटली पर्समध्येच असायची. "ताई, माझं फाउंडेशन वापराल का?" एवढंच विचारायचे. काम घेण्याआधी 'फोटोत रंग बदलू नये' हेही लेखी मागायला लागले. त्यापायी दोन कामं गेली.

तिसरं काम सोन्याच्या दागिन्यांचं होतं. फोटोग्राफरने दिवा प्रखर न करता बाजूला सरकवला, मोठा पांढरा पडदा लावला, आणि माझ्या कातडीवर उजेड नुसता स्थिरावला. मॉनिटरवर पाहिलं. हार गळ्यात होता, आणि गळा नि चेहरा एकाच रंगाचे होते.

मानधन नव्वद दिवसांनी आलं. फोटो मात्र मी त्याच रात्री मागून घेतला आणि आईला पाठवला.