कुतला पुण्याची डिव्हिजन शरण का गेली?

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन टायग्रिस नदीकाठच्या कुत या गावी तुर्कांना शरण गेली, म्हणजे आपले शिपाई कमी पडले का? तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगतो. बोटी कमी पडल्या.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, बसऱ्याहून वर जायला तेव्हा ना धड रस्ता होता ना रेल्वे. पीठ, दारूगोळा, खेचरांची वैरण सगळं टायग्रिस नदीतून जायचं आणि जखमी त्याच वाटेनं खाली यायचे. नदी उथळ आणि वळणावळणाची, तीत चालतील अशा बोटी मोजक्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये फौज उतरली ती बसरा आणि इराणचं तेल राखायला. तेवढ्यापुरतं भागलं. पण १९१५ मध्ये तुर्कांची एकामागून एक ठाणी पडत गेली आणि मोहिमेचे प्रमुख जनरल निक्सन यांना बगदादचे वेध लागले. फौज शेकडो मैल आत गेली, बोटी त्या मानानं वाढल्याच नाहीत.

नोव्हेंबर १९१५ मध्ये, बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. मोडक्या हाडांच्या जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून नदीवर आणलं, तिथून बोटींत कोंबलं. ‘मेजिदिया’ बोट बसऱ्याला येताना मेजर कार्टर या डॉक्टरांना वाटलं, तिच्या कडेनं दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर दिसलं, ती वाळलेली विष्ठा होती. जखमींना जागचं हलताच येत नव्हतं. कार्टरनी तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यांनाच दम भरला! हे वाचताना आजही संताप येतो.

उरलेली डिव्हिजन माघार घेत कुतला आली आणि डिसेंबरात वेढली गेली. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शिधा घटत गेला, भाजीपाला नसल्यानं स्कर्व्ही पसरली. घोड्याचं मांस बहुतेक हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे नाकारलं; एप्रिलमध्ये अगदीच नाइलाज झाला तेव्हा खाल्लं. विमानांतून पोती टाकली, त्यांतली काही नदीत गेली. सोडवायला निघालेल्या फौजेचंही तेच दुखणं: कुमक बसऱ्याला येऊन थांबलेली, वर न्यायला बोट नाही. मग हाताशी येतील तेवढी माणसं घाईघाईनं चिखलातल्या खंदकांवर घातली गेली. कुतमधल्या सुमारे १३ हजारांना सोडवता सोडवता २३ हजार मेले किंवा घायाळ झाले. २९ एप्रिल १९१६ ला कुत शरण गेलं. त्यातले हजारो पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेले.

१९१७ मध्ये चौकशी आयोगानं या अनास्थेवर बोट ठेवलं आणि ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री चेंबरलेननी राजीनामा दिला. पण त्याआधीच मोहिमेचे नवे प्रमुख जनरल मॉड यांनी बंदर सुधारलं, छोटी रेल्वे टाकली, बोटी वाढवल्या आणि मगच चाल केली. फेब्रुवारी १९१७ मध्ये कुत परत घेतलं, ११ मार्चला बगदाद. त्या फौजेतही फार मोठा भाग हिंदी शिपायांचाच होता.