पोटाची राखण कोल्ह्याकडे

मे महिन्यात आई लोणच्याच्या बरण्या माळ्यावरून काढते, धुऊन उन्हात घालते आणि मग दादरा बांधायला मऊ सुती कापड शोधत घरभर फिरते. यंदा गॅलरीत चार बरण्या ओळीने पालथ्या दिसल्या आणि मला डायरेक्ट प्राचीन इजिप्तच आठवलं. आईला बोललो नाही. तिकडच्या बरण्यांत माणसाचं लिव्हर, फुफ्फुसं, जठर आणि आतडी असायची हे कळलं असतं तर यंदा लोणचंच झालं नसतं.

ममी करताना हे चार अवयव काढायचे, नॅट्रॉन नावाच्या खारात सुकवायचे, कापडात गुंडाळून वेगवेगळे ठेवायचे. हृदय जागच्या जागी, कारण अक्कल तिथेच असते असं ते मानायचे. आणि मेंदू? नाकातून ओढून फेकून द्यायचे! मेंदूची एवढी कमी किंमत मी फक्त आमच्या शाळेत बघितलीय.

चारही बरण्यांना राखणदार होते, होरस देवाचे चार मुलगे, त्यातल्या जठरवाल्या दुआमुतेफवर माझा विशेष जीव कारण त्याचं तोंड कोल्ह्याचं. आता वाळवंटाच्या कडेला पुरलेली प्रेतं उकरून खाणार कोण तर कोल्हा, आणि पोट सांभाळायला दिलं कुणाकडे तर त्यालाच. आपण याला चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतो, त्यांनी ते सिरियसली केलं. आतड्यांवर ससाण्याच्या तोंडाचा केबेहसेनुएफ, आणि त्याच्यावर पुन्हा लक्ष ठेवायला सर्केत देवी, जिच्या डोक्यावर चक्क विंचू.

1922 साली सापडलेल्या तुतनखामुन राजाच्या थडग्यात ही सर्केत आहे, सोन्याने मढवलेली. अवयवांच्या पेटीभोवतीच्या उंच देव्हाऱ्याला चार बाजूंनी चार देव्या, आपल्याकडे पाठ, तोंड देव्हाऱ्याकडे, हात पसरलेले, मान तेवढी एका बाजूला वळवलेली. फ्रिजसमोर आडवी उभी राहून, मागून कोण येतंय ते मान वळवून बघणारी आमची आजी सेम अशीच दिसायची, फक्त विंचू नव्हता.

पुढे काही शतकांनी पद्धत बदलली, अवयव गुंडाळून परत पोटातच ठेवायला लागले. म्हणजे बरण्यांचं काम संपलं ना? तर नाही, थडग्यात बरण्या ठेवणं चालूच, काही तर आतून कोरलेल्याच नाहीत, नुसता भरीव दगड. आणि वर झाकणाला कोल्हा बसलाय, कान टवकारून.

आमच्या माळ्यावरही पाचवी एक बरणी आहे, तळाला तडा गेलेली, कित्येक वर्षांत तिच्यात काही भरलेलं नाही. आईने तिलाही धुतलं, उन्हात घातलं, दादरा बांधला आणि परत वर ठेवून दिली.