पालकावर सोलापुरी चादर

आज रात्री २७ पर्यंत खाली जाणार असं फोन सकाळपासून ओरडतोय. फॅरनहाइट हां, म्हणजे आपल्या हिशोबात उणे तीन. त्यामुळे दुपारची मीटिंग कानात घालून, कॅमेरा बंद ठेवून मी बॅकयार्डात फिरत होते, एका हातात पाण्याचा पाइप आणि खिशात कपड्यांचे चिमटे. मधेच कुणीतरी माझं नाव घेऊन काहीतरी विचारलं आणि मी घाईत म्यूट काढून "येस, कव्हर्ड" म्हणाले. ते रिलीजबद्दल विचारत होते, मी कोबीबद्दल बोलत होते. चाललं.

आम्ही फ्रिस्कोला राहतो, टेक्सासमधल्या डॅलसच्या वर. शिकागो-न्यूजर्सीच्या मैत्रिणी हसतात, तुमच्याकडे कसली आली थंडी म्हणून. अगं पण तुमच्याकडे ती एकदा येते आणि मुक्कामाला बसते, झाडांनाही कळतं की आता झोपायचं. इथे सोमवारी ७५, पोरं हाफ पँटवर सायकल फिरवतायत, आणि मंगळवारी दुपारी उत्तरेकडून वारं सुटलं की रात्रीपर्यंत २५. झाडाला सावध व्हायला वेळच मिळत नाही बिचाऱ्याला. पहिलं फ्रीझ, म्हणजे पारा ३२ च्या (आपल्या शून्याच्या) खाली जाणारी रात्र, साधारण नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, शेवटचं मार्चच्या मध्यापर्यंत केव्हाही, आणि या मधल्या काळात भाजी तर मस्त येते इथे. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, कोबी, लसूण, सगळं हिवाळ्याचंच पीक आहे, उन्हाळ्यात १०० च्या वर काय डोंबल येणार. म्हणजे सगळा खेळ त्या महिन्यातल्या चार-पाच रात्रींचा असतो. तेवढ्या निभावून नेल्या की झालं.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हिवाळ्यात पेपरात "निफाड गारठले" अशी बातमी असते ना आणि खाली कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दिलेला असतो, ते निफाड. आमच्या तालुक्याला महाराष्ट्राचा कॅलिफोर्निया म्हणतात, त्यामुळे मी कॅलिफोर्नियातून टेक्सासला आले असं सांगते, निम्म्या लोकांना खरंच वाटतं. आप्पांची द्राक्षबाग आहे. थंडी वाढली की मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरायला लागलेल्या मण्यांना तडे जातात, थॉमसन जातीच्या द्राक्षांचे मणी गुलाबी पडतात आणि मग व्यापारी नाक मुरडतो. म्हणून लहानपणी डिसेंबर-जानेवारीत पहाटे बागेत शेकोट्या पेटलेल्या असायच्या आणि मोटार चालू. मला शेकोटीचं कौतुक, भुईमुगाच्या शेंगा भाजायला मिळायच्या म्हणून. पाणी कशाला देतायत एवढ्या थंडीत हे कधी डोक्यात आलं नाही, विचारलंही नाही. आता वाटतं विचारायला हवं होतं, सहा टोमॅटोची झाडं वाचली असती.

ती गोष्ट २०१८ ची. पहिलीच बाग, टोमॅटोला नोव्हेंबरातही बदाबदा फळं, सगळी हिरवी. फ्रीझ वॉर्निंग आली म्हटल्यावर मी जुन्या बेडशीट फाडून प्रत्येक झाडाच्या डोक्यावर मुंडासं बांधलं, खाली खोडापाशी सुतळीने मस्त गाठ मारली, लॉलीपॉपसारखी सहा झाडं ओळीने. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अंगठे दिले. आप्पांचा फक्त एक मेसेज आला, "जमिनीला टेकलंय का?" मला वाटलं काहीतरी चुकून टाइप झालं. सकाळी उठून बघते तर पानं काळी, उकडलेल्या पालकासारखी लिबलिबीत. फोन केला तर म्हणाले, "अगं पोरी, कापडात काय ऊब असती का? ऊब जमिनीत असती. तू तर जमीन उघडी टाकली आणि झाडाचं नरडं आवळलं."

हे एक वाक्य समजलं की बाकी सगळं आपोआप समजतं. दिवसभर जमीन ऊन पिते आणि रात्री ती ऊब वर सोडते. ढग असले तर ते थोडी अडवून परत पाठवतात, आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर सगळी ऊब सरळ वर निघून जाते, म्हणूनच चांदण्या लख्ख दिसतायत ती रात्र भाजीला वाईट. आपण कापड घालतो ते घोंगडीसारखं नाही, तंबूसारखं घालायचं. कडा चारही बाजूंनी जमिनीला टेकलेल्या, वर विटा किंवा दगड, कुठे फट नाही. आणि ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते, कोरड्या मातीत नुसती हवाच भरलेली असते. म्हणून दुपारीच पाणी द्यायचं, पानांवर नाही, मुळाशी. आप्पांच्या बागेतलं ते पहाटेचं पाणीही त्याच जातीचं, बोअरचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं. (पाणी देऊन झालं की पाइप नळापासून काढून ठेवा बरं का आणि नळाला ती थर्माकोलची टोपी घाला, पाइपात राहिलेलं पाणी गोठून नळ फुटला तर प्लंबर जे बिल लावतो त्यात दहा वर्षांची भाजी येते.)

गंमत म्हणजे मातीसुद्धा तीच आहे. डॅलसच्या आजूबाजूची ही सगळी काळी चिकण माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात बूट सोडत नाही. आप्पा पहिल्यांदा आले तेव्हा ढेकूळ हातात घेऊन फोडलं आणि म्हणाले, हे तर आपलंच रान.

आणि हो, फोनवर ३६ दाखवतंय म्हणजे आपण सुटलो असं समजू नका. ते तापमान माणसाच्या उंचीवरच्या हवेचं असतं. शांत रात्री जमिनीलगत त्यापेक्षा कितीतरी गार असतं, ३६ ला पण पानांवर पांढरं मीठ भुरभुरल्यासारखं दव गोठलेलं मी बघितलंय. उलट वारं असेल तर दहिवर, म्हणजे हे गोठलेलं दव, पडत नाही पण गार वारंच कापडाखाली शिरून सगळी ऊब पळवतं. त्या रात्री कापडापेक्षा विटा महत्त्वाच्या.

आता सोलापुरी चादरीचं. सासूबाई-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले, त्यांनी येताना हौसेने दोन चादरी आणलेल्या, त्या जड, फुलाफुलांच्या, खऱ्या सोलापुरी. जानेवारीत एका रात्री अचानक २२ चं भाकीत आलं, घरातल्या सगळ्या जुन्या बेडशीट आधीच टोमॅटो प्रकरणात फाटलेल्या, दुकानातलं फ्रॉस्ट क्लॉथ, म्हणजे थंडीत झाडं झाकायचं खास कापड, संपलेलं, मग मी काय केलं असेल. सकाळी सासूबाई चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग शांतपणे, "अगं, ती माझी चादर पालकावर का घातलीये?" मी म्हटलं, "आई, त्याला थंडी वाजत होती." हसल्या तरी. पण खरं सांगायचं तर चादरीनेच घात केला. रात्री दव पडून ती भिजली, भिजून गोठली, दगडासारखी जड झाली आणि खाली कोथिंबीर पार चपटी. पालक कसाबसा उठला, कोथिंबीर नाही उठली. तेव्हा जड कापड थेट झाडावर टाकायचं नाही. प्लास्टिक तर मुळीच नाही, प्लास्टिक जिथे पानाला चिकटतं तिथे पान जळतंच, आणि सकाळी ऊन आलं की आत भट्टी.

त्यानंतर नवऱ्याला कामाला लावलं. चार फूट रुंदीचा वाफा, दोन्ही कडेला लोखंडी सळईचे दीड-दोन फुटी तुकडे ठोकले आणि त्यावर अर्ध्या इंचाचा दहा फुटी पीव्हीसी पाइप कमानीसारखा वाकवून बसवला. दर तीन-चार फुटांवर एक कमान, झाली बैलगाडीची टप. त्यावर ते पांढरं फ्रॉस्ट क्लॉथ, जे जाड असेल तर सहा ते आठ डिग्री फॅरनहाइट राखतं, पातळ असेल तर दोन ते चार. कमानींना चिमटे आणि खाली विटा. आत दुधाचे रिकामे गॅलनचे कॅन गरम पाणी भरून ठेवते, ते रात्रभर हळूहळू ऊब सोडतात, अगदी गोठायला लागले तरी गोठताना सुद्धा सोडतात. शेजारचे आजोबा, पक्के टेक्सन, त्यांनी माळ्यावरून जुन्या ख्रिसमसच्या दिव्यांची माळ काढून दिली, ते मोठे गरम होणारे बल्ब, एकेक सात वॉटचा. पंचवीस बल्ब म्हणजे पावणेदोनशे वॉट, कापडाखाली तेवढं पुष्कळ होतं, फक्त बल्ब कापडाला चिकटू द्यायचे नाहीत. नवीन एलईडीची माळ दिसते छान पण तिला ऊब नाही, भाजीला दिवाळीचा काय उपयोग.

काय वाचवायचं आणि काय सोडून द्यायचं हेही ठरवावं लागतं. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, गवार यांना पहिल्या फ्रीझलाच नमस्कार. एखादी रात्र झाकून काढता येते पण दर आठवड्याला त्यांची सेवा करण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा सगळी हिरवी फळं आदल्या दिवशी तोडून आणायची. ज्यांच्यावर पांढुरकी झाक आलीय ती कागदात गुंडाळून ठेवली की पंधरा दिवसांत लाल होतात, बाकीच्यांची तीळ-शेंगदाणे-लसूण घालून हिरव्या टोमॅटोची चटणी, आमच्याकडे मग आठवडाभर दुसरं तोंडी लावणं नसतं. पालक, कोबी, लसूण, कांदा हे गडी आहेत, २८-२७ ला तर झाकत पण नाही मी. मेथी नाजूक, तिला झाकते. आणि थंडी खाल्लेला पालक-गाजर खाऊन बघाच, गोड लागतं, कारण गोठू नये म्हणून झाड स्वतःच आत साखर वाढवतं. आमची लेक एरवी पालक म्हटलं की तोंड फिरवते, जानेवारीतला कच्चा खाते.

तुळशीचं दरवर्षी वाईट वाटतं. तुलसीविवाह झाला की दोन-तीन आठवड्यांत इथलं पहिलं फ्रीझ येतंच, म्हणजे लग्न लावायचं आणि लगेच हे. मी लग्नाच्या आधीच मंजिऱ्या काढून ठेवते आणि एक लहान कुंडी किचनच्या खिडकीत. कढीपत्त्याचा मान मात्र माणसांच्या वर. अमेरिकेतल्या मराठी घरात कुणी आजारी पडलं तर एवढी चौकशी होत नाही, "कढीपत्ता कसा आहे" हे आधी विचारतात. रात्रीचं तापमान ५० च्या खाली जायला लागलं की चाकांच्या स्टँडवरून साहेब घरात. हिवाळ्यात पानं पिवळी पडून गळतात, घाबरून पाणी घालत बसू नका, तो झोपलेला असतो, झोपेत पाणी पाजलं की मुळं कुजतात.

२०२१ चा फेब्रुवारी मात्र या सगळ्या हुशारीच्या पलीकडचा होता. पाच दिवसांहून जास्त पारा ३२ च्या वर आलाच नाही आणि १६ तारखेला पहाटे डॅलसला उणे २ फॅरनहाइट, म्हणजे उणे १९ सेल्सिअस, १९४९ नंतर पहिल्यांदा एवढी थंडी. वीज गेलेली, त्यामुळे आजोबांची माळ नुसती शोभेची. आम्ही चौघं एका खोलीत, गॅसच्या फायरप्लेससमोर, आणि आमच्यात पाचवा कढीपत्ता. बागेचा विषय कुणी काढलाच नाही, शेजारच्या गल्लीत लोकांचे पाइप फुटून छतं खाली आलेली, तिथे मेथीचं काय. कमानी बर्फाने वाकून मोडल्या, कोबी गेला, मेथी गेली, रोझमेरीचं एवढं मोठं झुडूप, पाच वर्षांचं, ते गेलं. पण बर्फ वितळल्यावर बघते तर लसूण हिरवागार आणि पालकाचे गड्डे जिवंत. ज्या भागावर कमान मोडून चार-पाच इंच बर्फ बसला होता नेमकं तिथलंच वाचलं. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते, तो झाकणच होऊन बसला. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "बघ, जमिनीला टेकलं होतं."

तर आजचं. पाणी दिलं, पाइप काढला, मेथीवर कापड चढवलं, कोबीवर पण चढवलं कारण गड्डे आत्ता कुठे धरतायत. ओकच्या पानांच्या तीन पिशव्या शेजारच्यांनी कचऱ्यात ठेवल्या होत्या त्या उचलून आणून लसणावर पसरल्या, या गल्लीत मी पालापाचोळा चोरणारी बाई म्हणून प्रसिद्ध आहे. साडेआठला आप्पांचा व्हिडिओ कॉल, तिकडे सकाळचे आठ, मफलर गुंडाळून ओट्यावर बसलेले. "दाखव," म्हणाले. टॉर्च लावून वाफ्याभोवती फिरवलं. त्यांनी एक कोपरा बरोबर पकडला, मागचा, फेन्सकडचा, तिथे कापड बोटभर वर होतं. वीट ठेवली.

उद्या नऊच्या आत सगळं काढायचंय, उन्हात आत तापतं. नऊलाच ऑफिसची स्टँडअप मीटिंग आहे.