साठीतला डिपेश मोड

इलेक्ट्रॉनिक बँड म्हातारे झाले की एक वेगळीच पंचाईत होते. गिटार चाळीस वर्षांपूर्वी वाजायची तशीच आजही वाजते, पण सिंथ (सिंथेसायझर) आणि ड्रम मशीन कानावर पडलं की लगेच साल कळतं, हे ८३ चं, हे ९० चं. मग अशा बँडने एकतर जुना साउंड कुरवाळत बसायचं, नाहीतर एखादा तरुण प्रोड्यूसर धरून आणायचा आणि सध्या क्लबमध्ये जे चाललंय तसं वाजवायचं. यातला दुसरा प्रकार तर मला ऐकवतच नाही.

डिपेश मोडचा 'मेमेंटो मोरी' म्हणूनच मला इतका आवडतो. मार्च २०२३ मध्ये आला, त्यांचा पंधरावा स्टुडिओ अल्बम, तेव्हा गायक डेव्ह गहान साठ वर्षांचा आणि गाणी लिहिणारा मार्टिन गोर एकसष्टचा. इंग्लंडातल्या बॅझिल्डनमध्ये १९८० साली पोरवयात सुरू केलेला हा बँड, आणि सॅम्पलर (कुठलाही आवाज रेकॉर्ड करून वाद्यासारखा वाजवणारं यंत्र) नवा होता तेव्हा हेच लोक बांधकामाच्या साइटवर जाऊन लोखंड ठोकून ते आवाज रेकॉर्ड करून गाण्यात घालत होते, म्हणजे काळाच्या पुढे असणं काय असतं हे त्यांनी पुरेपूर अनुभवलंय. आता त्यांना ते सिद्ध करायची घाई नाहीये आणि ते ऐकताना जाणवतं. जेम्स फोर्डचं प्रोडक्शनही मोकळं आहे, सिंथला श्वास घ्यायला जागा आहे, आणि गहानचा आवाज पुढे, त्यातल्या वयासकट.

अल्बमच्या नावाचा अर्थच मुळात 'मरण आहे हे विसरू नकोस' असा. आणि बँडमधला तिसरा, अँडी फ्लेचर उर्फ फ्लेच, मे २०२२ मध्ये अचानक गेला, साठीतच. सगळ्यांना वाटलं नाव त्याच्यामुळे ठेवलं, पण नाव आणि बरीचशी गाणी आधीच ठरली होती! फ्लेच गाणी लिहायचा नाही, त्यामुळे तो बँडमध्ये नक्की करतो काय असं लोक वर्षानुवर्षं विचारायचे, पण गोर आणि गहान या दोन टोकांच्या माणसांना बांधून ठेवणारा तोच होता. तो गेल्यावर दोघंच उरले, आणि त्यांनी काम थांबवलं नाही, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

'घोस्ट्स अगेन' हे गाणं गोरने 'सायकेडेलिक फर्स' बँडच्या रिचर्ड बटलरबरोबर लिहिलंय. विषय मरणाचा, पण चाल इतकी हलकी, जवळजवळ नाचावं अशी. विशीतला माणूस मरणावर लिहितो तेव्हा त्यात थोडी तरी पोझ असते (डिपेश मोडच्या जुन्या गाण्यांतही होती, मला ती आवडतात तरी), इथे ती नाहीये. हे गाणं १९८६ मध्ये त्यांना लिहिताच आलं नसतं असं मला वाटतं, आणि म्हातारपणी रेलेव्हंट राहणं म्हणतात ते माझ्या मते हेच, की आत्ताच्या वयाशिवाय जे सुचलं नसतं ते करायचं.

आणि गाणं चांगलं असेल तर मशीनचं साल आड येतच नाही. 'पर्सनल जीझस' बघा, गोरचं १९८९ चं गाणं, जॉनी कॅशने २००२ मध्ये सत्तरीत गिटारवर गायलं, सिंथ बिंथ सगळं गेलं तरी गाणं जागच्या जागी.

सगळा अल्बम सारखाच चांगला आहे असं नाही, मधली एक-दोन गाणी मला तरी रेंगाळल्यासारखी वाटतात. पण 'वॅगिंग टंग' दोघांनी मिळून लिहिलंय आणि ते मात्र मस्त जमलंय, पूर्वी जवळपास सगळी गाणी गोरच लिहायचा, आता दोघांनी अजून एकत्र लिहावं. पुढचा अल्बम करणार असतील तर मला अशी चार-पाच गाणी तरी हवीत, आणि टेम्पो अजून कमी केला तरी चालेल.