लाखोळीनं पाय जातात का?

भाऊ दर उन्हाळ्यात भंडाऱ्याहून येतो तो तांदळाबरोबर लाखोळीची डाळ घेऊन. कोथरूडच्या आमच्या इमारतीत मग वड्यांच्या ताटल्या फिरतात, आणि दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "काकू, तुरीत भेसळ करतात ती लाखेची डाळ हीच ना? हिनं पाय जातात म्हणे?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

जातात. पण कोणाचे, तेही ऐका. लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं, ते मज्जातंतूंना बाधतं. दोन-तीन महिने पोटात मुख्यतः लाखोळीच जात राहिली तर पाय ताठरतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो, हातात काठी येते आणि गेलेली ताकद परत येत नाही. मध्य प्रदेशात रीव्याकडे वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळायचं. दुष्काळात बाकी पिकं जळायची, लाखोळी तेवढी तगायची. ज्यांच्या ताटात दुसरं काही पडत नव्हतं, त्यांचे पाय गेले. १९६१ साली डाळीच्या विक्रीवर बंदी आली. त्या बंदीनं त्यांच्या ताटात ज्वारी, गहू काही वाढलं नाही, हे मला अजून लागतं. महाराष्ट्रात बंदी उठली ती २००८ साली.

आमच्या भंडाऱ्याकडे लाखोळीसाठी वेगळं शेत नसतं. धान कापणीला आला, बांधीतला चिखल अजून ओला आहे, अशा वेळी उभ्या धानातच दाणे फेकायचे. नांगर नको, पाणी नको. धान घरी गेला की खाली सगळं हिरवं झालेलं असतं. पुढे निळी फुलं येतात. त्याआधी आई कोवळे शेंडे खुडायची, पदराचा ओटा भरेपर्यंत; तिच्या अंगठ्याचं नख हिरवं व्हायचं. लसूण-मिरचीवर परतलेल्या त्या भाजीची चव मला इथल्या मंडईतल्या कुठल्याच पालेभाजीत सापडली नाही. मळणीनंतरचं कुटार बैलांपुढे, आणि मुळांवरच्या गाठींनी जमिनीत साठवलेला नत्र पुढच्या पिकाला.

आता खाण्याचं. डाळीवर उकळतं पाणी ओतायचं, काही तास ठेवायचं, ते पाणी फेकून द्यायचं आणि डाळ पुन्हा दोन-तीनदा धुवायची. विष पाण्यात उतरतं. सगळं नाही, पण बरंचसं. मग वाटून, कांदा घालून वडे. आमच्याकडे आठवड्यातून एकदा, तेही इतर डाळींच्या जोडीला. रोज मी कोणालाच देणार नाही. भाऊ आता रतन जातीचं बी पेरतो, त्यात ओडॅप ०.१ टक्क्याच्याही खाली असतं. तरी पहिलं पाणी मी फेकतेच.

भेसळीवर मात्र माझा राग आहे. तूर समजून घेणारा माणूस ती कशाला भिजवेल, पाणी कशाला फेकेल? म्हणून डाळ घेताना मूठभर तळहातावर पसरून बघा. तुरीची डाळ गोलसर असते. लाखोळीचा दाणा कोनाचा, एका बाजूला तासल्यासारखा, कुऱ्हाडीच्या पात्यागत. बोटानं फिरवला तर ती कड लागते.